जैनोद्दीनभाईंची तांबडी रताळी

जळकोटचा हमरस्ता सोडून कोसभर आत गेलं, की ओढ्याच्या काठाला अर्ध्या एकराचं एक भुसभुशीत रान लागतं. त्या रानातली रताळी आसपासच्या पाच-सात गावांनी खाल्ली आहेत, आणि खाणाऱ्यांतल्या निम्म्याअधिकांनी ती उपवास धरून खाल्ली आहेत. रानाचे मालक जैनोद्दीनभाई. वय अडुसष्ट, अंगानं काटक, दाढी कापसासारखी, आणि टोपीच्या कडेला सुतळीचा एक तुकडा कायम खोवलेला. वेलीची जुडी बांधायला सुतळी कधी लागेल याचा काय नेम? महाशिवरात्र कधी, नवरात्र कधी बसतं, कुठली एकादशी कुठल्या वारी येते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. कुणी नवल केलं की म्हणायचे, "मंग? उपास करणारी मानसं तुमी. भुकंनं तुमचं ध्यान ठिकाण्यावर नसतंय. कुणीतरी पोट भरलेल्यानं तारखा ध्यानात ठिवाय पायजेत का न्हाय?"

आपल्या रताळ्याला ते रताळं म्हणत नाहीत. 'तांबडी' म्हणतात, तेही घरातल्या लेकीचं नाव घ्यावं तसं. "तांबडी औंदा रुसलीय." "तांबडीनं आता मनावर घेतलंय." साल लालभडक, आत फिकट पिवळी, आणि चुलीच्या आरात भाजली की फुटून कडेनं पाक सुटतो. ही वेल त्यांच्या आईनं, आम्मीनं, मुरुमच्या माहेराहून आणली. लग्न होऊन यायच्या दिवशी बैलगाडीत बाकीच्यांनी भांडी-ट्रंका सांभाळल्या. आम्मीच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली वेलीची जुडी होती. सासूनं विचारलं, "आगं, ह्ये काय आणलंस?" तर म्हणाली, "खायला आणलंय, पण चार महिने थांबावं लागंल." सासूला सून तिथंच पसंत पडली, असं भाई सांगतात. सांगताना दर वेळी महिने बदलतात; कधी चार, कधी पाच.

भाई स्वतः त्या वेलीला सोडून एकदाच राहिले, आणि तेही पुरतं जमलं नाही. ऐन जवानीत एक हंगाम ते ढोकीला उसाच्या ट्रॅक्टरवर होते. निघताना एका तेलाच्या डब्यात माती भरून त्यात तांबडीचे दोन फाटे खोचले आणि डबा सीटच्या मागं तारेनं बांधला. महिन्याभरात वेल दोन-दोन हात खाली लोंबायला लागली. रस्त्यानं जाताना पोरं ओरडायची, "ट्रॅक्टरला शेपूट आलं!" पुढच्या साली मुकादम बोलवायला आला, तर भाई म्हणाले, "न्हाय जमणार. उसाच्या गावात माझी वेल चिडती. तिला वाटतंय, गोड म्हंजी मी एकलीच."

आता आम्मीचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरनंच घडलं. वेल मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, आणि वेलीचा पैसा घ्यायचा नाही. नेणाऱ्यानं मात्र पुढल्या साली त्याच वेलीची एक जुडी परत आणून द्यायची. आम्मीचं गणित साधं होतं. एखाद्या साली आपल्या रानातली वेल गेलीच, तर कुणाच्या ना कुणाच्या बांधाला ती जिती असली पाहिजे. आणि परत आलेली जुडी लावायची कुठं? पहिल्या सरीला, विहिरीचं पाणी रानात शिरतं तिथं. पाहुण्याला पहिली पंगत.

जैनोद्दीनभाईंनी हा रिवाज पन्नास वर्षं पाळला. तो पाळणारा दुसरा माणूस म्हणजे अंबादास गुरुजी. दोघं चौथीपर्यंत एका बाकावर. पुढं अंबादास शिकून मास्तर झाले, आता सेवानिवृत्त होऊन जळकोटला राहतात, घरामागच्या तुकड्यात दरसाल तांबडी लावतात. गुरुजींचे उपवास इतके, की आठवड्यात जेवायला दिवस शोधावे लागतात. जगासाठी ते गुरुजी, भाईंसाठी 'अंबू'.

त्या साली पावसानं ओढ धरली होती. पोळा झाला तरी ओढा कोरडा. पण विहिरीला पाणी होतं, आणि महाशिवरात्रीचं पीक काढायचं तर वेल तेव्हाच लावायला हवी होती. गुरुजी स्कूटरच्या मागं पाच जुड्या बांधून आले.

"एकीच्या जागी पाच?" भाईंनी विचारलं.

"असू दे रे. तुझं व्याज समज," गुरुजी म्हणाले, आणि चहासुद्धा न घेता निघाले. चहा सोडून गुरुजी जात नाहीत. उपवासालासुद्धा चहा चालतो, असं त्यांनी स्वतःच कुठल्यातरी पोथीत शोधलं होतं. भाईंनी जुड्या हातात घेतल्या, पानं उलटीसुलटी करून पाहिली, आणि वरच्या पाच सऱ्यांना नेऊन लावल्या.

खालच्या सऱ्यांना त्यांची स्वतःची वेल. भाईंची पद्धत अशी, की एका हातानं कापायची आणि दुसऱ्या हातानं लावायची. कापल्या जागी चीक पाझरतोय तोवर फाटा मातीत गेला पाहिजे. "ताजं ते ताजं," ते म्हणायचे. शेवटची एक सरी सकिनाबींची. त्यांची लग्न झाल्यापासूनची हक्काची सरी. सकिनाबींनी आपली वेल कापली, लिंबाखाली सावलीत हातरली, वर पाला टाकला आणि घरी भाकरी थापायला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नुसत्या येऊन बघून गेल्या. तिसऱ्या दिवशी लावली.

"झाली का झोप तुमच्या वेलीची?" भाई बांधावरून ओरडले. "का अजून च्या पाजायचाय?"

"तुमी तुमचं बघा," सकिनाबी मान वर न करता म्हणाल्या.

"आवो, मेलेली वेल लावताव तुमी. बगा, कशी मान टाकलीय!"

"टाकू द्या. मातीत गेल्यावर उचलंल."

हे चाळीस वर्षं चाललं होतं. दरसाल भाई हसायचे, दरसाल सकिनाबी दोन दिवस थांबायच्या, आणि दरसाल दोघांच्याही सऱ्या सारख्याच यायच्या. म्हणून वाद कधी मिटला नाही.

महिना गेला. नवरात्र बसायच्या सुमाराला एके दुपारी भाईंना दिसलं, की वरच्या सरीतल्या वेलींनी माना टाकल्यात. त्यांनी आभाळाकडं बघितलं, शिव्या दिल्या, आणि मोटर चालू केली. पाणी वरच्या सरीतनं खालच्या सरीत, तिथनं आणखी खाली, असं खेळवत शेवटापर्यंत नेलं. संध्याकाळी वेली जरा सावरल्या. दुसऱ्या दुपारी पुन्हा मान खाली. पुन्हा पाणी. चौथ्या दिवशी बुडाकडची पानं पिवळी पडली. आठव्या दिवशी वरच्या पाचही सऱ्या वाळल्या, आणि खालच्या, भाईंच्या स्वतःच्या वेलीत जागोजाग पिवळे ठिपके उमटल्यासारखे झाले. पाणी खाली गेलं, तसं मरणही खाली गेलं. भाईंना काही उमगेना. तहानलेल्याला पाणी पाजावं, तर पाजेल तसा तो मरतोय.

त्यात आणखी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांत सलत होती. शेवटची सरी, सकिनाबींची, हिरवीगार. सगळ्या रानाचं पाणी तिच्यातच जाऊन मुरत होतं, तरी तिचं एक पान मिटायला तयार नव्हतं.

"खरं सांगा," भाईंनी एका सकाळी बायकोला बांधावर गाठलं. "तुमी गुपचूप काय घातलंय तुमच्या सरीला?"

"काय घालू? तुमचं बोलणं ऐकून ऐकून वेल निब्बर झालीय, दुसरं काय?"

भाईंनी मग आम्मीचं गणित मांडायला घेतलं. आपल्याकडची जाते तर जाऊ दे, गावोगाव दिलेली असेलच की. खिशातली वही काढून एकेकाला फोन लावला. मुरुमच्या मामेभावानं सांगितलं, तिथं आता सगळी सोयाबीन. एकानं रान विकलं होतं. एक म्हणाला, "भाई, आता तयार बेणं बाजारात मिळतंय, कोण जपत बसतंय?" सात गावांत तांबडीचं एक पान नव्हतं. शेवटचा फोन ठेवून भाई विहिरीच्या कठड्यावर बसले. सत्तर वर्षांपूर्वी मांडीवर बसून आलेली वेल आता एका सरीवर आली होती, आणि ती सरी का जगतेय हे त्यांना माहीत नव्हतं. न कळणाऱ्या गोष्टीवर भरवसा कसा ठेवायचा? उद्या तिनंही मान टाकली, की संपलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. सकिनाबी म्हणाल्या, "अंबूभाऊंची संगत. उपास धरला तुमी पण."

गुरुजींना मात्र हे कळवावंच लागलं. आणि गुरुजी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले ते लेकीला घेऊन. लेक अस्मिता, लांबच्या एका कृषी महाविद्यालयात शिकवते. पिकांच्या रोगांवर तिचा अभ्यास. लहानपणी भाईंच्या खांद्यावर बसून याच रानात फिरलेली. आली तशी चप्पल बांधावर काढून सरीत उकिडवी बसली.

"चाचा, पाणी कितीदा दिलंत?"

"रोज दिलं गं बेटा. जीव तोडून दिलं."

"तेच तर," म्हणून तिनं जीभ चावली, आणि पिशवीतनं ब्लेड काढून वरच्या सरीतली एक वाळकी वेल बुडाशी उभी चिरली. आत सालीलगत तपकिरी रेघ. बुडापासून शेंड्यापर्यंत, जशी काय आत कुणी चहाची बारीक नळी भरून ठेवलीय.

"ही मर. बुरशी आहे ही, मातीत राहणारी. वेलीच्या बुडाशी जिथं कापलेलं असतं ना, त्या उघड्या घावातून आत शिरते. वेलीच्या अंगात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांतनं वर चढते."

"आन् पाणी पितीय सगळं?"

"ती नाही पीत. गंमत अशी आहे चाचा, की नळ्या बऱ्याचदा वेलच बंद करते."

भाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू शहरात जाऊन पोर बिघडलीय. "आपलंच पाणी आपण तोडायचं? कसली ही अक्कल?"

अस्मिता क्षणभर थांबली, मग हसली. "कोरोनात तुम्ही गावाच्या रस्त्यावर काय केलं होतं?"

"बाभळीच्या काट्या टाकल्या. म्याच टाकल्या. तुझ्या बापाची स्कूटर सुदीक आत येऊ दिली न्हाय."

"आठवतंय," गुरुजी म्हणाले. "सव्वा तास उन्हात उभा होतो. तिथनं मला लांबून रताळं फेकून मारलं यानं."

"मारलं न्हाय, दिलं. तुला झेलता येत न्हाय तर म्या काय करू?"

"तर वेल तेच करते," अस्मिता म्हणाली. "बुरशी नळीत शिरल्याचं तिला कळतं. मग ती पुढच्या वळणावर नळीत डिंकासारखं काहीतरी सोडते, नळीच्या भिंतींतनं फुगे फुगवते, वाटा बंद करते. वेळेवर बंद केली, तर बुरशी खालीच अडकते आणि वेल बाकीच्या नळ्यांवर जगते. उशीर झाला, किंवा बुरशीच फार आत घुसली, तर बुरशीनं आणि तिनं मिळून सगळ्याच नळ्या भरून जातात. मग वरची पानं तहानेनं जातात. तुम्ही मुळाशी कितीही पाणी ओता, वर पोचणार कसं? उलट या सरीतली बुरशी पाण्याबरोबर पुढच्या सरीत."

भाईंची नजर विहिरीकडं गेली. आपण हातानं मोटर चालू केली, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. अस्मितानं ते पाहिलं आणि पटकन त्यांच्या स्वतःच्या वेलीतली एक, अर्धी पिवळी अर्धी हिरवी, चिरून दाखवली. तपकिरी रेघ बुडापासून चार बोटं वर आली होती आणि एका पेरापाशी थांबली होती. वर सगळं पांढरं. चिरलेल्या जागेतनं दुधासारखा चीक आला.

"बघा! ही लढतेय. तुमची तांबडी मुळात चिवट आहे चाचा. हिला वाट बंद करता येते."

"मी काय म्हणतोय कवापासनं?" भाईंच्या तोंडावर आठवड्यात पहिल्यांदा रंग आला. "अंबू, ऐकलंस का? चिवट हाय म्हनं!"

"आणि बुरशी-किड्याशी लढताना ती औषधही तयार करते. कडू असतं. किडकं रताळं चुकून खाल्लं की तोंड कडू होतं ना, ते तेच. तसली गुरांनापण घालू नका, बाधतात."

"कडू लागतं खरं," गुरुजी म्हणाले. "एका शिवरात्रीला यानं मला दिलं होतं तसलं. मी काही बोललो नाही, वाईट वाटेल म्हणून."

"खाल्लंस?"

"थोडं."

"अरे येड्या!" भाई म्हणाले.

अस्मिता मात्र पुन्हा वरच्या सरीशी गेली होती. वाळलेलं एक पान तिनं तळहातावर पसरलं, आणि शेजारी सकिनाबींच्या सरीतलं एक हिरवं पान ठेवलं. हिरवं पान पिंपळासारखं, बदामी घाटाचं. वाळकं पाच बोटांच्या पंजासारखं चिरलेलं.

"चाचा, वरच्या पाच सऱ्या तांबडीच्या नाहीतच. ही वेल कुठली?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पुन्हा काढला. चाळीस वर्षं पोरांना कान धरून उभं केलेला माणूस आता स्वतः तसाच उभा राहिला.

"शेळी," ते म्हणाले. "शेजारच्यांची शेळी कुंपणातनं शिरली. एका सकाळीत सगळी वेल खाल्ली. जैनूकडं रिकाम्या हातानं कसं यायचं? आजवर कधी आलो नाही. म्हणून एका बाजारातनं जुड्या घेतल्या. एकीनं भागलं नसतं असं वाटलं, म्हणून पाच." त्यांनी चष्मा खिशात टाकला. "रोग मी आणला, जैनू. तुझ्या आईची वेल माझ्या हातनं गेली."

अस्मिता बापाकडं बघत राहिली. बांधावर सकिनाबी उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. भाई खाली मातीकडं बघत होते. मग म्हणाले, "मला माहीत व्हतं."

"काय माहीत होतं?"

"ती तांबडी न्हाय ते. जुडी हातात घेतली तवाच. पान काय मला कळत न्हाय व्हय?"

"अरे, मग लावलीस कशाला? पहिल्या सरीला?"

"मंग काय करू? पन्नास साल तू आणून देतूस, एका साली तुला म्हणू, अंबू, ही खोटी हाय म्हणून? तू च्या न घेता गेलास तवाच म्या समजलो, काहीतरी झालंय. म्हणलं, राहू दे. वेल म्हंजी वेल."

बराच वेळ दोन्ही म्हातारे एकमेकांकडं बघत राहिले. मग सकिनाबी बांधावरनं म्हणाल्या, "अस्मिता, ह्या दोघांच्या नळ्यांत पण काहीतरी अडकलंय का बघ गं. बोलायचं ते बाहेर येत न्हाय." त्यावर सगळ्यात आधी गुरुजीच हसले.

पण खरा प्रश्न तसाच होता. अस्मिता शेवटच्या सरीत गेली. तिनं सकिनाबींची परवानगी घेतली, एक वेल उपटली आणि चिरली. पांढरी. दुसरी चिरली. बुडाशी, अगदी टोकाला, नखाएवढा तपकिरी डाग, वर पांढरी. तिनं बुडाचं टोक बोटानं चाचपलं.

"चाची, तुम्ही लावायच्या आधी वेलीचं काय करता?"

"काय करते? कापते, दोन दिस सावलीत ठिवते, मंग लावते. आमच्या सासूनं सांगितलेलं. म्हणायच्या, वेल कापली म्हंजी ती ओली बाळंतीण. तिला लगेच कामाला लावायचं न्हाय. दोन दिस पडू द्यायचं."

अस्मिता खाली मातीतच बसली. "चाची, दोन दिवसांत कापल्या जागी चीक वाळतो. आत नवी पातळ साल धरते, आपल्या जखमेवर खपली धरते तशी. मग लावलेल्या वेलीला बुरशीसाठी दारच उरत नाही. चाचा लावतात ती ताजी. दार सताड उघडं. बुरशी नव्हती तोवर चाललं, दोन्ही सारख्याच आल्या. बुरशी आली तेव्हा फरक पडला."

भाईंनी सकिनाबींकडं बघितलं. "आम्मीनं मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं व्हतं. तुमी ढोकीला ट्रॅक्टरला शेपूट लावत फिरत व्हताव. आल्यावर म्या सांगितलं, तर तुमी हसलाव. आन् मंग हसतच ऱ्हायलाव."

भाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. सुतळी खाली पडली, ती उचलली.

अस्मितानं सांगितलं ते ऐकायला कठीण होतं. शेवटची सरी सोडून सगळं रान उपटायचं आणि जाळायचं. पिवळी न पडलेली भाईंची वेलसुद्धा.

"ती तर लढतीय म्हणालीस!"

"लढतेय, पण आत बुरशी घेऊन लढतेय. तिचं बेणं धरलं, तर रोगच धरला. कुणाला दिलं, तर रोगच दिला." मग तिनं पुढचं सांगितलं. चाचींच्या सरीतले शेंडे घ्यायचे, जमिनीपासून चांगलं वीतभर वर कापून, म्हणजे बुडाशी डाग असला तरी तो खालीच राहील. ओढ्याकाठच्या या रानात काही वर्षं रताळं नको. घरामागं, जिथं कधी रताळं लावलं नाही तिथं नवी लागण. या रानातली चप्पल, खोरं, माती तिकडं न्यायची नाही. आणि सालभर वेल कुणाला द्यायची नाही, कुणाची घ्यायची नाही.

"आलेल्या मानसाला न्हाय म्हणायचं?" भाईंनी विचारलं. बाकी सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं होतं. इथं अडले.

"एक वर्ष, चाचा. गावबंदी."

भाईंनी रान स्वतः उपटलं. गुरुजी धोतर खोचून मदतीला आले आणि दोन तासांत कंबर धरून बसले. जाळताना भाई म्हणाले, "तुझ्या त्या पंजावालीचं पहिलं जाळ." सकिनाबींनी शेंडे कापले, आणि लिंबाखाली नाही, तर घराच्या पडवीत हातरले. त्या दोन दिवसांत भाईंनी पडवीतनं किती खेपा घातल्या, याला गणती नाही. "वाळली की!" "वाळू द्या." "पान गळालं एक." "गळू द्या." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "आता झाले की दोन दिस." सकिनाबी म्हणाल्या, "उद्या सकाळी व्हतील." भाईंनी आयुष्यात एवढी वाट बघितली नव्हती, लग्नालासुद्धा नाही, असं ते स्वतः सांगतात.

घरामागं चार सऱ्या लागल्या. भाईंनी चपलांचे दोन जोड केले, एक ओढ्याचा, एक घरचा. एकदा घाईत एका पायात हा आणि एका पायात तो घालून आले, तर सकिनाबींनी दारातच अडवलं आणि पाय धुवायला लावले. दिवाळी गेली. थंडी पडली. वेलीनं मूळ धरलं, मान उचलली, पसरायला लागली. पहिल्या रानात मर दिसायला महिना लागला होता, म्हणून भाई महिन्याची वाट बघत होते. महिना झाला. आणखी आठ दिवस झाले.

आणि एका दुपारी मधल्या सरीतल्या एका वेलीनं मान टाकली.

भाई धावत घरात आले. मागच्या सऱ्यांकडं नुसता हात केला. सकिनाबी विळा घेऊन बाहेर आल्या. वेलीपाशी दोघं बसले. चिरल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चिरायचं धाडस भाईंना होत नव्हतं. "आतून तपकिरी निघाली तर?" ते म्हणाले. "मंग काय उरतंय?"

"निघाली तर निघाली. न बघता कुठवर बसणार?" सकिनाबींनी बुडाशी विळा लावला आणि वेल उभी चिरली.

पांढरी. बुडापासून शेंड्यापर्यंत दुधासारखी पांढरी. चीक विळ्याच्या पात्यावरनं ओघळला.

"मंग मान का टाकली हिनं?"

सकिनाबींनी बुडाची माती बोटानं सारली. मुळं उघडी पडलेली, आणि सगळीकडं कोंबडीच्या नखांचे ओरखडे. शेजारीच ती तांबूस कोंबडी दुसऱ्या सरीत मन लावून उकरत होती. भाईंनी तिच्यामागं अशी काही धाव घेतली, की अडुसष्ट वर्षांचा माणूस एवढा पळतो हे कोंबडीलाही पटलं नसावं. परत आले ते धापा टाकत आणि हसत. त्यांनी अस्मिताला फोन लावला, आणि फोनची काहीच गरज नसावी अशा आवाजात रस्त्यापर्यंत ऐकवलं, "बेटा, पांढरी हाय! वरपातुर पांढरी!"

तो आवाज ऐकूनच शिवकांता आत आली. शेजारच्या गावची, महाशिवरात्रीचा कडक उपवास करणारी, आणि ती वेलच मागायला निघाली होती. काखेत रिकामं पोतं. "भाई, तांबडीची एक जुडी द्या. पुढल्या साली परत करते, रिवाज ठावं हाय मला."

भाईंच्या हातात चिरलेली वेल होती. पन्नास वर्षांत या दारातनं कुणी रिकामं गेलं नव्हतं. "बस," ते म्हणाले. सकिनाबी चहा ठेवायला गेल्या. भाईंनी तिला खाटेवर बसवलं, चिरलेली वेल तिच्या हातात दिली, आणि सगळं सांगितलं: नळ्या, डिंक, फुगे, बाभळीच्या काट्या, गुरुजींची शेळी. शेळीचं सांगताना गुरुजींचं नाव घेतलं नाही, 'एक शहाणा मानूस' म्हणाले. चहा आला, संपला, दुसरा आला. शिवकांतानं सगळं ऐकलं, वेल उलटीसुलटी केली, आणि म्हणाली, "समदं खरं. पण वेल?"

"न्हाय," भाई म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. "औंदा न्हाय देणार. अंबूला पण न्हाय दिली. पुढल्या भादव्यात ये. आन् नुसती घ्यायला येऊ नको, दोन दिस मुक्कामाला ये. आमच्या हिच्या हातानं कापून, तुझ्या समोर पडवीत ठिवून, मंग देतो. आन् परत करायची न्हाय. नुसती जगव."

"दोन दिस?" शिवकांता म्हणाली. "माझ्या म्हशी कोण बघणार?"

"तुझा नवरा बघंल," सकिनाबी आतनं म्हणाल्या. "न्हाय जमलं तर ह्यांना धाडते. ह्यांना आता वाट बघायची सवय झालीय."